बांधावरचा हात

माझा डावा हात कोपराखाली चार बोटं उरला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगीच घोर नको. मी अहमदपूर आगारात कंडक्टर आहे आणि पुढचं गाव आधी सांगायची मला सवय आहे.

हात गेल्यावर मला जे वाटत होतं त्यातलं निम्मं मी कुणाजवळ बोलले नाही. लोक वेड्यात काढतील, नाहीतर एखाद्या देवऋष्यासमोर नेऊन बसवतील, ही भीती. पुढे लातूरला कृत्रिम हात बसवायला गेले तेव्हा तिथल्या बाकड्यावर माझ्यासारखीच माणसं भेटली आणि कळलं की प्रत्येकजण तेच लपवून बसला आहे. म्हणून लिहिते आहे. कुणाला पटेल, कुणाला नाही पटणार. मलाही सगळं पटलेलं नाही.

चमक भरली असेल

नांदेडहून परत येणारी सकाळची गाडी होती. लोह्याच्या पुढे तिकिटाचं मशीन माझ्या डाव्या हातातून सुटून एका आजोबांच्या मांडीवर पडलं. उचलायला गेले तर बोटं वळेनात. हात पांढराफटक पडला होता आणि माठासारखा गार लागत होता. रात्री अंगाखाली आला असेल, असं म्हणून मी मशीन सीटच्या दांडीवर टेकवून राहिलेली तिकिटं काढली. आजोबांनी मला दोनदा 'पोरी, बस जराशी' म्हटलं. मी त्यांनाच 'सरकून बसा' म्हणून दटावलं.

घरी आले. माझा नवरा दत्ता मोटारी रिवायंडिंग करतो, आणि तो पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला. आमच्याकडे उसण भरली, चमक निघाली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. गल्लीतली माणसं सकाळी दुकान उघडायच्या आत त्याच्याकडे पाठ करून उभी असायची. तर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला पाटावर बसवलं. दत्तानं खांद्याला पाय लावला. मग आत्याबाईंनी तेल कोमट करून हात चोळ चोळ चोळला. मी 'बरं वाटतंय' म्हणाले, कारण दोघंही इतक्या मायेनं करत होती. दुपार त्यात गेली.

दिवेलागणीला नखं निळी झाली, तेव्हा नांदेडचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मनगटावर नाडी शोधली, मग कोपरात, मग दंडात. दंडात सापडली. लहानपणी मला सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप बिघडली होती म्हणे, आणि ते मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तिथे रक्ताची गुठळी झाली आणि वाहत येऊन हाताच्या नसेत अडकली. हाताला रक्तच पोचत नव्हतं आणि आम्ही बसलो होतो चोळत.

"सकाळीच आला असता तर," एवढं बोलून डॉक्टर थांबले. दत्ता आपल्या पायांकडे बघत राहिला. त्या दिवसापासून त्यानं कुणालाही पाय लावलेला नाही. माणसं येतात, तो आतूनच 'न्हाई जमत' म्हणतो.

ज्यांना हे वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल त्यांनी ही ठेवावी: हात किंवा पाय एकाएकी गार आणि पांढरा पडला तर चोळत बसू नका. गाडी करा.

त्याला अजून कळलं न्हाई

शुद्धीवर आले तेव्हा हात होता. खरंच सांगते, होता. मूठ वळलेली होती, अंगठा आत दबलेला होता आणि तो ठणकत होता. मला वाटलं, वाचवला बाई डॉक्टरांनी. मग मान वळवून पाहिलं तर पांढऱ्या पट्टीचं एक बोचकं होतं आणि त्याच्या पुढे नुसती चादर. त्या चादरीवर माझी मूठ होती. दिसत नव्हती एवढंच.

आत्याबाई आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या, नेमक्या त्या जागी.

"आत्याबाई, उठा. हातावर बसलात."

त्या अशा उठल्या की शेजारचं स्टूल पडलं. नंतर दवाखान्यात असेपर्यंत त्या बाजूला कधी फिरकल्या नाहीत. उजवीकडून वळसा घालून यायच्या आणि त्या रिकाम्या जागेवर नजर ठेवून मला चमच्यानं भात भरवायच्या.

वॉर्डाचे दिवस सगळे सारखेच. पहाटे झाडू, मग चहा, मग ड्रेसिंगची गाडी. तिचं एक चाक कुरकुरायचं आणि ते दारात ऐकू आलं की सगळ्या बायका बोलायच्या बंद व्हायच्या. माझ्या शेजारच्या पलंगावर किनवटकडची एक म्हातारी होती. साखरेनं तिचा पाय गेला होता. ती अधूनमधून वाकून, पाय जिथे असायला हवा होता तिथली चादर खाजवायची आणि समाधानानं मागे टेकायची. मी टक लावून पाहते आहे हे तिला कळलं.

"तुझा बी येतो का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"रागं भरू नकोस त्याच्यावर. त्याला अजून कळलं न्हाई."

दवाखान्यात मला जे काही मिळालं त्यात हे वाक्य सगळ्यात कामाचं होतं. भीती तर वाटलीच. पण आपण दोघी आहोत, हा केवढा तरी आधार होता.

माप

घरी आल्यावर वेगळंच सुरू झालं. दिवस उतरायला लागला की मनगट आवळायचं. गोल, घट्ट, एकापाठोपाठ एक अशी कडी चढवावीत तसं. आणि बोटांना गारवा लागायचा, ओलसर. नखांत काहीतरी कचकचायचं. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. डॉक्टर म्हणाले, मेंदूत हाताचा नकाशा असतो, हात गेला तरी नकाशा राहतो, गोळ्यांनी कमी होईल. गोळ्यांनी झोप यायची. झोपेतही मनगट आवळलेलंच असायचं.

एकदा आत्याबाई भाजी निवडत होत्या आणि मी सहज म्हणाले, "आत्याबाई, बांगड्या काचायल्यात मला."

त्यांच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. मी ड्युटीला बांगड्या घालत नाही. डाव्या हातात माझ्या कायम घड्याळ असायचं आणि तेही सैल पट्ट्याचं. बांगड्या हा शब्द माझ्या तोंडून का निघाला, मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा कळलं. कापलेला हात दवाखान्याच्या कचऱ्यात जाऊ द्यायचा नाही म्हणून आत्याबाईंनी तो मागून घेतला होता. दत्ता माझ्याजवळ होता. मग त्यांनी एकटीनं तो फडक्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि एसटीनंच गावी नेला. गाडीवर माझ्याच आगारातली कंडक्टर बाई होती. 'मावशी, पिशवीत काय?' असं तिनं विचारलं, तर ह्या म्हणाल्या, 'सुनंचं सामान हाय.' अहमदपूरला उतरून त्यांनी कासाराकडून हिरव्या बांगड्या घेतल्या. त्यानं माप विचारलं तेव्हा आपलं मनगट पुढे केलं. आत्याबाईंचं मनगट म्हणजे काडी. माझं काही तसं नाही. मग शेतात, बोरीखालच्या बांधावर बसून, तेल लावून त्यांनी त्या माझ्या हातात चढवल्या आणि हात पुरला.

"सवाष्णीचा हात मोकळाच मातीत घालावा व्हय? मला न्हाई बघवलं."

मी त्यांच्यावर ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या अंगावर काटा आला होता आणि काटा आला की मी ओरडते. त्या खाली मान घालून मेथी गोळा करत राहिल्या.

टेबलावरचा पंजा

आगार व्यवस्थापक भले माणूस. म्हणाले, "शोभाताई, बसून काम देतो. चौकशी खिडकी घ्या." पण खिडकीत बसून 'लातूर कधी, लातूर कधी' ऐकत म्हातारं व्हायचं माझ्या जिवावर आलं होतं. मला गाडी हवी होती. मी माणसांत उभी असते तेव्हा मी मी असते. ते म्हणाले, मग डॉक्टरांचा दाखला आणा आणि चालत्या गाडीत एका हातात मशीन धरून, दुसऱ्यानं तिकीट काढून दाखवा. त्यासाठी मला डावा हात लागणार होता.

लातूरला ज्या मॅडम हात बसवून देतात त्यांनी माझ्या उरलेल्या हातावर दोन चकत्या चिकटवल्या. त्यांच्या तारा टेबलावर ठेवलेल्या एका काळ्या पंजाला जोडल्या होत्या. पंजा माझ्यापासून हातभर लांब, पालथा पडलेला.

"आता मूठ उघडा," मॅडम म्हणाल्या.

"कुठली?"

"नसलेली."

मी डोळे मिटले. ती होतीच, नेहमीसारखी आवळलेली. एकेक बोट मी सरळ करायला लागले. सोबत आलेल्या दत्तानं श्वास ओढून घेतल्याचं ऐकू आलं. डोळे उघडले तर टेबलावरचा पंजा उताणा होण्याच्या बेतात बोटं पसरत होता, अगदी हळू, अगदी माझ्या लयीत. मी थांबले. तो थांबला. मी करंगळी आखडली. तो सगळाच मिटला, कारण त्याला करंगळी वेगळी हलवता येत नाही. एवढाच काय तो फरक.

मॅडमनी समजावलं की उरलेल्या हातातले स्नायू शाबूत आहेत, मेंदूनं हुकूम दिला की ते आखडतात, चकत्या ते टिपतात आणि मोटार फिरते. "तुमचा तो हात जितका स्पष्ट, तितका हा चांगला चालेल. बऱ्याच जणांना आधी तो हात जागा करायला शिकवावं लागतं. तुमचा तर टक्क जागा आहे."

परतीच्या वाटेत दत्ता कित्येक दिवसांनी हसला. मोटारीवाला माणूस. "करंट तुझा, मोटार त्यांची," म्हणाला.

हात घरी आला. रात्री चार्जिंगला लावायचा, सकाळी बटण दाबायचं. बटण दाबलं की तो स्वतःला तपासायला एकदा उघडतो आणि मिटतो. फडताळावर एकटा पडलेला असताना तसा उघडला-मिटला तो आत्याबाईंनी पाहिला. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदर डोक्यावर ओढून बाहेर गेल्या.

मी मात्र शिकत गेले. पेला धरायचा, सोडायचा. मशीन धरायचं. दांडी धरायची. आणि दिवस उतरला की पदराचा बोळा. दिवसा ज्या हातानं काम करायचे तोच संध्याकाळी मला पिळून काढायचा.

शांत

एका दुपारी तो गेला. मी अंगणात शेंगा फोडत होते. कुणीतरी घट्ट धरलेलं मनगट सोडून द्यावं तसं झालं आणि मग काहीच नाही. मी वाट पाहिली. संध्याकाळ झाली, दुखलं नाही. कित्येक दिवसांनी मी सगळ्यांबरोबर पोटभर जेवले. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आनंदाचं.

सकाळी हात चढवला. बटण दाबलं. तो आपला आपला उघडला, मिटला आणि बसला. मी म्हटलं, उघड. कुणाला म्हणायचं तेच कळेना. जिथे मूठ होती तिथे नुसता वारा होता. दत्तानं बॅटरी बघितली, तारा बघितल्या. "मोटार चांगली हाय," तो म्हणाला, "करंटच येत न्हाई." लातूरला गेलो तर मॅडमही तेच म्हणाल्या. स्नायू ठीक, चकत्या ठीक, पडद्यावरची रेघ मात्र आडवी. "होतं असं कधीकधी. काहींचा तो हात हळूहळू विरतो. पुन्हा शिकता येईल, पण वेळ लागेल." आगाराची चाचणी तोंडावर आली होती.

त्याच दिवसांत आत्याबाईंचं काहीतरी बिनसलं. सकाळी भाकरी बांधून त्या दत्ताच्या दुकानात जाऊन बसायच्या. त्याच्या पायाखाली लाकडी फळी सरकवायच्या. तो तारेला हात लावायला गेला की 'मेन बंद केलीस का' विचारायच्या. गिऱ्हाईक हसायचं. दत्ता वैतागून मला म्हणाला, "आईला काय झालंय बघ बरं. मी मरायला टेकल्यावानी बघून ऱ्हायलीय माझ्याकडं."

ते ऐकलं आणि मला कळलं. मी तशीच उठून त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"आत्याबाई, बांधावर गेला होतात का?"

"हाव."

"काय केलंत?"

त्या म्हणाल्या, "उकरलं. बांगड्या वाढवल्या दगडानं. तुझं हाल बघवंना मला."

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, कारण नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडतात. जिवंत सवाष्णीच्या बांगड्या मुद्दाम दगडानं फोडायच्या म्हणजे तिच्या नवऱ्याचं मरण मागायचं. तो नवरा आत्याबाईंचा एकुलता एक लेक. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आणि तरी त्या उन्हात एकट्या बांधावर बसून माती उकरत होत्या, कारण मी संध्याकाळी कण्हते ते त्यांना ऐकवत नव्हतं. माझ्या सख्ख्या आईनं केलं असतं का, सांगता येत नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्यांनी माझी गाडी घालवली म्हणून रागही आला. दोन्ही खरं आहे.

"मला तो परत पाहिजे," मी म्हणाले.

"दुखंल की गं."

"दुखू दे."

"मी न्हाई आता हात लावणार त्याला. माझ्याच्यानं न्हाई होणार, शोभा."

एक भाकरी

मी एकटीच बांधावर गेले. बोरीखाली माती अजून भुसभुशीत होती. विश्वास होता म्हणून गेले असं नाही. जायला दुसरी जागा नव्हती. तिथे उकिडवी बसून मी त्याला उशिरा येणाऱ्या पॅसेंजरसारखं झापलं. म्हटलं, गाडी सुटायला लागली, यायचं तर ये, तुझ्यासाठी बाकीची माणसं थांबणार नाहीत. वाऱ्यानं बोरीची पानं हलली आणि तेवढंच. चप्पल झटकून परत आले.

त्या संध्याकाळी मी हट्टानं भाकरी करायला बसले. एका हातानं ज्वारीची भाकरी थापून बघा कधी. उजवा थापतो, पण कडेला डाव्याचा आधार लागतो, नाहीतर भाकरी फाटते. दोन फाटल्या. आत्याबाई मागून आल्या, माझ्या डाव्या अंगाला टेकून बसल्या आणि त्यांनी आपला डावा हात परातीत घातला. मी थापायची, त्या कड सांभाळायच्या. भाकरी फिरायला लागली. त्यांचा हात माझ्या खांद्यालगत होता, जिथून माझा निघाला असता तिथूनच. मी परातीकडे बघत होते. थोड्या वेळानं कुठला हात कुणाचा, ते बघायचं मी सोडून दिलं.

पहिल्यांदा तळव्याला पिठाचा ओलावा लागला. मग बोटं आली, एकेक, गारठलेली. करंगळी सगळ्यात शेवटी. आणि मग मनगट असं आवळलं की माझ्या डोळ्यांपुढे एका चुलीच्या दोन दिसल्या.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"धूर," मी म्हणाले.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. भाकरी फुगली.

गाडी

चाचणी झाली. मशीन पडलं नाही. मी पुन्हा नांदेडच्या गाडीवर आहे. काळा पंजा मशीन धरतो, उजवा हात तिकीट काढतो. लहान मुलं त्याला हात लावायला मागतात, मी लावू देते.

आत्याबाईंना मी सांगितलं की तो आला, पण दुखत नाही. आता तो नुसता कामापुरता येतो. हे खोटं आहे. संध्याकाळी तो पहिल्यापेक्षाही जास्त आवळतो. मी मोरीत जाऊन नळ सोडते आणि पाण्याच्या आवाजात कण्हून घेते. त्यांना कळलं तर त्या पुन्हा बांधावर जातील, हे मला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात त्यांना डोळे दाखवायला नांदेडला जायचं होतं. त्या माझ्याच गाडीत चढल्या. पायरी उंच होती म्हणून मी वरून हात दिला. उजव्या हातानं दांडी धरली होती, म्हणून डावा दिला. त्यांनी तो आजवर कधी धरला नव्हता. क्षणभर थांबल्या, मग धरला, आणि मी त्यांना वर घेतलं. वर आल्यावरही त्यांनी सोडला नाही. मागून माणसं ढकलत होती.

"दुखतंय ना तुला अजून?" त्या हळूच म्हणाल्या.

"न्हाई, आत्याबाई."

"खोटं बोलू नगंस. त्यानं आत्ताच माझी बोटं दाबली. दोनदा."

मी हाताला तसं काहीच सांगितलं नव्हतं. मी त्यांना खिडकीजवळ बसवलं आणि घंटी दिली.